देशाची फाळणी झाल्यामुळे ताटातूट झालेल्या प्रेमिकांवरचा एखादा चांगला चित्रपट सुचवाल का? इतिहास फारसा माहीत नसला तरी कळेल का?

मी डोळे झाकून एकच नाव घेईन, 'दास फेरश्प्रेखन', म्हणजे 'वचन'. १९९५ सालचा जर्मन चित्रपट आहे, दिग्दर्शिका मार्गारेथे फॉन ट्रोट्टा. त्या वर्षीच्या बर्लिन महोत्सवाची सुरुवात याच चित्रपटाने झाली होती. इतिहास माहीत नसला तरी कथा कळते, पण तेव्हाचे दोन-चार नियम माहीत असले की तोच चित्रपट जास्त लागतो मनाला, म्हणून ते नियमही सांगतो.

कथा थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन देश झाले, कम्युनिस्ट पूर्व आणि लोकशाही पश्चिम, आणि बर्लिन शहरही तसंच दोन भागांत वाटलं गेलं. लोक पश्चिमेला पळून जाऊ नयेत म्हणून पूर्वेच्या सरकारने १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनमध्ये भिंत घालायला सुरुवात केली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी, शरद ऋतूत, पूर्व बर्लिनमधली काही तरुण मुलं-मुली रात्री गटारातून पश्चिमेला पळून जायचं ठरवतात (खऱ्या आयुष्यातही त्या काळात बरेच जण असेच गेले, मग सरकारने गटारांना लोखंडी जाळ्या ठोकल्या). त्यांच्यात सोफी आणि कोनराड आहेत, एकमेकांच्या प्रेमात आकंठ बुडालेले. एकेक जण मॅनहोलमध्ये उतरतोय आणि कोनराडचा पाय बुटाच्या लेसमध्ये अडकतो, तो पडतो, तेवढ्यात गस्त येते आणि आतल्यांना झाकण लावून घेण्याशिवाय पर्याय उरत नाही. झालं. सोफी पलीकडे, कोनराड अलीकडे, आणि पुढची २८ वर्षं तशीच, मधे फक्त मोजक्या भेटी. त्याक्षणी दोघांनाही वाटत असतं की आठवड्या-दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, कोनराड मागून येईलच, आणि आपल्याला मात्र बघताना माहीत असतं की भिंत १९८९ पर्यंत पडणार नाहीये. मला तो प्रसंग बघताना दरवेळी नुसतं ओरडावंसं वाटतं.

आता नियम. भिंत झाल्यावर दोन वर्षांहून जास्त काळ पश्चिम बर्लिनच्या माणसाला पूर्व बर्लिनमध्ये पाऊल ठेवता येत नव्हतं. फोन करावा म्हटलं तर एकाच शहराच्या दोन भागांमधल्या टेलिफोनच्या लाइनी १९५२ मध्येच तोडलेल्या होत्या, त्या परत जोडायला १९७१ उजाडलं. पत्रं जायची, पण गुप्त पोलीस म्हणजे श्टाझी ती वाफेवर उघडून वाचायचे, त्यामुळे मनातलं काय लिहिणार. मग १९६३ च्या नाताळात पहिल्यांदा पश्चिम बर्लिनच्या लोकांना पूर्वेत जायचे पास द्यायचं ठरलं आणि लोकांनी कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास रांगा लावल्या, अडीच आठवड्यांत सुमारे १२ लाख भेटी झाल्या. ऐकायला छान वाटतं ना, पण त्या पासची अट बघा. भेट फक्त नातेवाइकांची. आई-वडील, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं, भावंडं, काका-मामा-आत्या-मावशी, भाचे-पुतणे, आणि नवरा-बायको. ज्याच्यावर प्रेम आहे पण लग्न झालेलं नाही तो माणूस या यादीत कुठेच बसत नाही. वर्षानुवर्षं न भेटलेल्या मावशीला भेटता येतं, जिच्याशिवाय झोप लागत नाही तिला नाही! मला विचाराल तर या चित्रपटाची सगळी वेदना त्या यादीत आहे, सैनिक आणि काटेरी तारा नंतर येतात. लग्न करावं तर आधी एकाने तरी सीमा ओलांडायला हवी, आणि ओलांडायची परवानगी लग्न न झालेल्याला कोण देणार?

अजून एक गोष्ट. १९६४ पासून पूर्व जर्मनीच्या सरकारने पेन्शनरांना पश्चिमेत नातेवाइकांकडे जाऊ द्यायला सुरुवात केली, बायका ६० च्या पुढे, पुरुष ६५ च्या पुढे. कामाची माणसं मात्र अडकवून ठेवायची. कोनराड तेव्हा विशीत आहे, म्हणजे सरळ मार्गाने जायचं तर त्याने म्हातारा व्हायचं, असा हिशोब.

म्हणून मग तिसऱ्या देशात भेटणं हा एक मार्ग उरायचा, कारण दोन्हीकडच्यांना जाता येईल अशा काही जागा होत्या, हंगेरीतला बालाटोन तलाव, झेकोस्लोव्हाकिया वगैरे. चित्रपटात ते प्राग आहे, १९६८ चा उन्हाळा. मला सगळ्यात आवडणारा भाग हाच, कारण इथे ती दोघं पहिल्यांदा साध्या जोडप्यासारखी राहतात, आजूबाजूच्या शहरालाही वाटत असतं की आता बरे दिवस येणार, कारण तिथलं कम्युनिस्ट सरकार बंधनं सैल करत असतं, आणि २० ऑगस्टच्या रात्री ते थांबवायला सोव्हिएत रणगाडे शिरतात. सोफीच्या पोटात मूल असतं. तो मुलगा पश्चिमेत वाढतो आणि बाप पूर्वेत.

पण इथपर्यंतचं सगळं परिस्थितीने केलं असं म्हणता येतं. त्यानंतर चित्रपट जे दाखवतो त्यासाठी मी तो सुचवतोय. कोनराड खगोलशास्त्रज्ञ आहे, हुशार आहे, त्याला तिथे काम मिळतं, मान मिळतो, आणि प्रत्येक सवलतीच्या मोबदल्यात थोडं गप्प बसायचं, कुठे सही करायची, कुठे करायची नाही, हे त्याला रोज ठरवावं लागतं. तो दुष्ट नाही आणि हीरोही नाही. सोफी चिडते तेव्हा तिचं बरोबर वाटतं आणि दोन मिनिटांनी त्याचं बरोबर वाटतं. भिंतीला शिव्या घालणं सोपं असतं, पण आपल्या माणसाने आपली वाट बघता बघता स्वतःचा संसार उभा केला तर दोष कुणाला द्यायचा, हे खूप अवघड आहे आणि दिग्दर्शिका त्यावर पटकन उत्तर देत नाही.

तरुणपणीचे आणि नंतरचे नट वेगळे आहेत. तरुण सोफी मेरेट बेकर, नंतरची कोरीना हारफूख. तरुण कोनराड आनियान त्सोलनर, नंतरचा आउगुस्ट त्सिर्नर. काही जणांना हे खटकतं, मला उलट पटलं, इतक्या वर्षांनी समोर आलेला माणूस अनोळखी वाटणारच की.

उणीव सांगायची तर कथा इतिहासाच्या ठळक बातम्यांबरोबर जरा जास्तच जुळवून चालते, आणि दुसऱ्या अर्ध्यात घाई होते. आजूबाजूची काही पात्रं माणसं कमी आणि एकेक मत जास्त वाटतात. हे मान्य करूनच बघा.

शेवट ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्रीचा आहे. त्या संध्याकाळी पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा नेता गुंटर शाबोव्स्की याला विचारलं की प्रवासाचे नवे नियम कधीपासून, आणि तो कागद चाळत म्हणाला की ताबडतोब, मग हजारो लोक भिंतीवरच्या सीमा-नाक्यांवर जमले आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर श्ट्रासेचा नाका उघडावा लागला. त्या गर्दीत सोफी आणि कोनराडचं काय होतं ते सांगत नाही, चित्रपटही ते अर्धवटच ठेवतो. माझ्या बहिणीचं म्हणणं की ती दोघं नक्की एकत्र येतील, मला वाटतं नाही, फार तर मुलासाठी अधूनमधून भेटत राहतील. आमचा यावर अजूनही वाद चालू आहे.