समुद्रात भिंत नसताना सार्डिनचे गट वेगळे कसे राहतात?

प्रश्न : समुद्रात ना डोंगर आडवे येतात, ना नद्या. मग तारलीसारख्या प्रचंड थव्यांनी फिरणाऱ्या माशांमध्ये वेगवेगळे गट आहेत, असे शास्त्रज्ञ कशाच्या आधारे म्हणतात? आणि तसे गट असलेच, तर मासेमारीला त्याने काय फरक पडतो?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि बराच काळ जनुकशास्त्राचा कौलही तिच्याच बाजूने होता. सार्डिन आणि अँकोव्ही (आपली तारली सार्डिनांपैकीच, तर मांदेली अँकोव्हींच्याच कुळातली) यांची अंडी व पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात. दर पिढीला थोडेसे मासे जरी इकडचे तिकडे झाले, तरी दोन गटांतील जनुकीय फरक पुसून जाण्यास तेवढे पुरते. शिवाय मासे अफाट संख्येने असल्यामुळे निव्वळ योगायोगाने फरक साचायलाही फार काळ लागतो. ग्रँट आणि बोवेन या संशोधकांनी १९९८ साली या माशांच्या मायटोकाँड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातील) डीएनएचा आढावा घेतला, तेव्हा असे दिसले की जपान, कॅलिफोर्निया, चिली, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका एवढ्या दूरदूरच्या किनाऱ्यांवरील सार्डिन गेल्या सुमारे पाच लाख वर्षांतच एकमेकांपासून दुरावले आहेत. वंश जुने, पण आजच्या गटांचा इतिहास उथळ, असा त्याचा अर्थ. थवे कोसळतात, किनारे ओस पडतात आणि तेथे पुन्हा नव्याने वसाहत होते.

चित्र बदलले ते संपूर्ण जीनोम, म्हणजे माशाचा सगळा डीएनए, वाचता येऊ लागल्यावर. माशाच्या पराचा छोटासा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये ठेवला, की त्यातील डीएनएवर हजारो ठिकाणी होणारे फरक आज तपासता येतात. त्यांतील बहुतेक ठिकाणे नैसर्गिक निवडीच्या दृष्टीने तटस्थ असतात आणि तेथे सगळे मासे सारखेच दिसतात. मात्र पाण्याच्या तापमानाशी जुळवून घेण्याशी निगडित असलेल्या मोजक्या ठिकाणी फरक टिकून राहतो, कारण चुकीच्या पाण्यात गेलेल्या माशाचे वंशज तेथे फारसे तगत नाहीत. समुद्रातली भिंत ती हीच, असे मला वाटते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील आहे. तेथे दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात सार्डिनचे थवे पूर्वेकडील क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या उष्ण पाण्याच्या किनाऱ्याकडे लोटतात आणि त्यांच्यामागे डॉल्फिन, शार्क, देवमासे व समुद्रपक्षी तुटून पडतात. हे मासे कोठले, याचा उलगडा २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जीनोम अभ्यासातून झाला. उष्ण पाण्याकडे जाणारे हे मासे उष्ण पाण्याला सरावलेले असावेत, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात ते प्रामुख्याने अटलांटिकच्या थंड पाण्यातील गटाचे निघाले. आग्नेय किनाऱ्यावर खोलातले थंड पाणी अधूनमधून वर येते, त्याच्या ओढीने ते पुढे सरकतात आणि मग उष्ण प्रवाह व किनारा यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात सापडतात. ज्या प्रवासातून माशांना काहीच लाभ होत नाही, असा तो सापळा आहे. हिमयुगात तेथील पाणी थंड असतानाच्या अंडी घालण्याच्या सवयीचा तो अवशेष असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

युरोपातील अँकोव्हींची तऱ्हा आणखी निराळी. तेथे खाडी-खाजणांलगत राहणारे आणि खुल्या समुद्रात राहणारे असे दोन प्रकार असून, एकमेकांचे शेजारी असूनही ते जनुकीयदृष्ट्या वेगळे आहेत.

आता मासेमारीचा प्रश्न. दोन गटांना एकच साठा समजून पकडीची मर्यादा ठरवली, तर एकूण आकडा समाधानकारक दिसत असतानाच एखादा गट आतून पोखरला जाऊ शकतो, आणि त्या पाण्याला सरावलेले मासे संपले की शेजारचा गट त्यांची जागा लगेच भरून काढीलच असे नाही.

आपल्या तारलीपुरते सांगायचे, तर भारतीय किनाऱ्यावरील डीएनए अभ्यासांत फरक फारच कमी आढळले आहेत. पण वर पाहिल्याप्रमाणे तेवढ्यावरून एकच गट आहे असे ठरत नाही. केरळमधील तारलीची पकड २०१२ मध्ये चार लाख टनांच्या आसपास होती, ती २०२१ मध्ये सुमारे ३,३०० टनांवर आली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने २०२३ मध्ये तारलीचा संपूर्ण जीनोम उलगडला असल्यामुळे, तापमानाशी निगडित असे छुपे फरक आपल्या किनाऱ्यावरही शोधणे आता शक्य झाले आहे.