म्युनिकहून एका विकेंडात त्सुगश्पित्से?

प्रश्न: नमस्कार ताई, मी मूळचा नाशिकचा, सध्या म्युनिकला मास्टर्स करतोय. आम्ही चार मराठी पोरं जूनच्या पहिल्या विकेंडला त्सुगश्पित्से, म्हणजे जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर, चढायचं म्हणतोय. एकाने रील बघितलंय त्यामुळे त्याला ह्योलेनटाल दरीतलाच रस्ता पाहिजे, तोही एका दिवसात, पहाटेच्या ट्रेनने जायचं आणि रात्री परत. हरिहर, कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग सगळं झालंय आमचं. शूज आहेत, बाकी सामान काही नाही आणि बजेट विद्यार्थ्याचंच. जमेल का?
— एक वाचक, म्युनिक

उत्तर: अरे, शिखर जमेल. पण जूनच्या सुरुवातीला नको, ह्योलेनटालमधून नको आणि एका दिवसात तर अजिबातच नको.

अलंग-मदन केलंय म्हणजे रोप हाताळलाय, दरीची भीती नाही, मान्य. पण आकडे बघ ना जरा. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, त्सुगश्पित्से २९६२. बरं ते पण सोड, पायथ्याच्या गार्मिश गावापासून नुसती चढाईच २२०० मीटरच्या आसपास होते, म्हणजे बारी गावातून कळसूबाई दोनदा चढून वर अजून थोडं. आणि ह्योलेनटालमध्ये उभ्या कातळात लोखंडी गज ठोकलेत, त्यांच्यावर पाय टाकत सरकायचं, खाली सगळं मोकळं. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्याला ते कदाचित जमूनही जाईल, पण त्याच्यापुढे हिमनदी लागते आणि तिथे क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे, लागतात. शिवाय बर्फ आणि कातळ यांच्यात फट असते, उन्हाळा सरत जातो तशी ती रुंदावते, आणि बर्फावरून पलीकडच्या कातळावरच्या स्टीलच्या तारेपर्यंत जाणं हाच सगळ्यात वाईट तुकडा. सह्याद्रीत हे शिकायची सोयच नाही. ज्याला हाच रस्ता पाहिजे त्याने आधी बर्फावरचा एखादा कोर्स करावा, हार्नेस-हेल्मेट-क्रॅम्पॉन भाड्याने घ्यावं आणि माहितगाराबरोबर जावं. रीलमध्ये फक्त वरचा फोटो दिसतो.

तुमच्यासाठी राइनटाल दरीतला रस्ता. लांब आहे, एकवीस-बावीस किलोमीटर, पण तांत्रिक काही नाही आणि खरं सांगू का, देखणा हाच जास्त आहे. शनिवारी सकाळी म्युनिकहून रीजनल ट्रेनने गार्मिश, दीड तास धर, डॉइचलांड-टिकीट (रीजनल गाड्यांचा महिन्याचा पास) असेल तर वेगळे पैसे नाहीत. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकचं स्की स्टेडियम आहे ना, तिथून चालायला सुरुवात आणि थोड्याच वेळात पार्टनाख नदीची घळ. साधारण ७०० मीटरची, वाट कड्यातच कोरून काढलेली, कुठे बोगदा कुठे कठडा, खाली पाणी असं गर्जत असतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि वरच्या कातळातून सारखं टिपकत असतं, तेव्हा रेनकोट बॅगेच्या तळाशी ठेवू नकोस. तिकीट आहे, आणि दुपारी भयंकर गर्दी. पुढे नदीकाठाने आरामात चालत राइनटालांगर हट, म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर, १३७० मीटरवर. तिथे मुक्काम.

हटचं बुकिंग आधी ऑनलाइन कर, विकेंडला चार जागा आयत्या वेळी मिळतील ही आशाच सोड. पातळ स्लीपिंग लायनर (आत शिरून झोपायची कापडी पिशवी) आणि रोख पैसे घेऊन जा. शाकाहारी असाल तर चीज घातलेलं श्पेट्सलं (नूडल्ससारखं) नाहीतर काइझरश्मार्न (गोड पॅनकेकचे तुकडे) मिळतंच, पण वाटेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर दुसरं काही लागत नाही.

रविवारी सहाच्या आत हट सोडा. हे मी आवाज चढवून सांगतेय असं समज. उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारी वीज-गडगडाट फार आणि शिखराच्या लगेच खालच्या टप्प्यात हाताला स्टीलची तार असते, तेव्हा वादळ आलं तर धरणार काय? वाटेतल्या दुसऱ्या, क्नोर हटच्या वर सगळा मुरूम, पाय टाकला की घसरतोच, तिथे दम निघतो. साधारण २६०० मीटरवर त्सुगश्पिट्सप्लाट हे पठार लागतं, तिथे रेस्टॉरंट आहे आणि खाली जाणारी दातेरी रुळांची गाडीपण. कोणाचे गुडघे बोलायला लागले किंवा ढग दिसले तर तिथेच थांबा, शिखर राहिलं तर राहिलं, तिथून केबल कारनेही वर जाता येतं. माझ्या मते यात कमीपणा काही नाही, पण चार पोरं एकत्र असली की हे कोणी बोलून दाखवत नाही म्हणून आधीच ठरवून ठेवा.

उतरताना गाडीच घ्या. तिला डॉइचलांड-टिकीट चालत नाही, माणशी चाळीस युरोच्या वर धरून चाला, बजेटमधला मोठा खर्च हाच. शेवटची गाडी दुपारी साडेचारच्या आसपास असते, वेळ आधी बघून ठेवा.

जूनच्या सुरुवातीला वर अजून बर्फ असतो, म्हणून जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा विकेंड बघा. तोपर्यंत जर्मन आल्पाईन क्लबचं सभासदत्व घेऊन टाका, त्यांच्या हटमध्ये मुक्काम स्वस्त पडतो आणि डोंगरातल्या बचावाचा २५,००० युरोपर्यंतचा विमा त्यातच येतो. इमर्जन्सी नंबर ११२, दरीत रेंज मात्र नसते.

आणि कोणाला सीमा ओलांडून ऑस्ट्रियात एरवाल्डला उतरायची हुक्की आली तर पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड दोन्ही जवळ ठेवा. शेंगेन असलं तरी परत येताना ट्रेनमध्ये तपासणी होऊ शकते, आणि मोबाईलमधला फोटो तिथे चालत नाही.