ज्युलियननंतर जोव्हियनऐवजी सालुटियस रोमचा सम्राट झाला असता तर काय झालं असतं?

माझ्या मते इराणशी तह तसाच झाला असता, पण निसिबिस हे सीमेवरचं रोमन शहर कदाचित वाचलं असतं. माझा सगळा जीव त्या शहरात अडकलाय, म्हणून उत्तर थोडं त्याच अंगाने जाईल.

२६ जून ३६३. इराणवरच्या स्वारीत सम्राट ज्युलियन भाल्याच्या घावाने गेला. सैन्य टायग्रिसकाठी शत्रूच्या मुलखात होतं, आपली जहाजं ज्युलियनने स्वतःच जाळायला लावली होती, आणि वाटेतली उभी पिकं इराण्यांनी पेटवून दिली होती. दुसऱ्या दिवशी सेनापती बसले. ज्युलियनची गॉलमधली (आजचा फ्रान्स) माणसं एका बाजूला, आधीचा सम्राट कॉन्स्टँटियस याची दुसऱ्या बाजूला. दोन्ही गटांचं एकाच नावावर जमलं: सालुटियस, पूर्वेचा मुख्य प्रशासक. त्याने आजारपण आणि वय पुढे करून नकार दिला. मग घाईघाईत राजरक्षकांमधला जोव्हियन उभा केला, वय जेमतेम तिशी ओलांडलेलं.

अमिआनस मार्सेलिनस हा इतिहासकार त्या सैन्यात स्वतः होता. तो सांगतो, ‘जोव्हियानुस’ असा जयघोष झाला तेव्हा लांबच्या तुकड्यांना ‘ज्युलियानुस’ ऐकू आलं. सम्राट बरा झाला असं समजून तेही ओरडू लागले. मग समोरून उंच, पाठीत वाकलेला दुसराच माणूस येताना दिसला आणि सगळे रडायला लागले. हा परिच्छेद मी किती वेळा वाचला असेल याला गणती नाही.

आता सालुटियसचं. ‘त्याने लढाई पुढे नेली असती’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. इराणचा राजा शापूर याच्याशी बोलणी करायला सेनापती अरिंथियसबरोबर गेला तो सालुटियसच! उपाशी सैन्याची अवस्था त्याला पुरेपूर ठाऊक होती. अमिआनस चिडून लिहितो की बोलण्यांत चार दिवस गेले, तेवढ्यात सैन्य शंभर मैलांवरच्या कोर्दुएने या रोमच्या ताब्यातल्या प्रांतात पोचलं असतं. मला ते रागाच्या भरातलं वाटतं. पोटात अन्न नसताना पाठीवर शत्रू घेऊन चार दिवसांत शंभर मैल कोण चालणार?

फरक पडला असता तो किमतीत. ज्युलियनचा नातेवाईक प्रोकोपियस उत्तर मेसोपोटेमियात वेगळं सैन्य घेऊन होता. तो गादीवर हक्क सांगेल ही भीती खुशामतखोरांनी जोव्हियनच्या मनात भरवली, म्हणून त्याला कसंही करून लवकर परतायचं होतं. टायग्रिसपलीकडचे पाच प्रांत, निसिबिस आणि सिंगारा ही शहरं, सगळं देऊन टाकलं आणि तीस वर्षांचा तह केला. दोन्ही गटांनी आपणहून निवडलेल्या सालुटियसला ही धास्ती एवढी नसती. पलीकडचे प्रांत त्यालाही सोडावे लागले असते. निसिबिससाठी मात्र तो अडून बसला असता, असं मला मनापासून वाटतं.

कारण ते काही साधं ठाणं नव्हतं. ३३८, ३४६ आणि ३५० असे तीन वेढे त्या शहराने परतवले होते. ३५० मध्ये तर शापूरने नदीचं पाणी तटावर सोडलं होतं. ‘आम्हाला सैनिक नकोत, धान्य नको, आमचं आम्ही लढतो’ असं लोक जोव्हियनला विनवत होते. शपथ मोडता येत नाही म्हणून त्याने ऐकलं नाही. रेंगाळेल त्याला ठार मारण्याची धमकी देऊन माणसं बाहेर काढली. घराच्या दारांना आणि उंबऱ्यांना मिठ्या मारून लोक रडत होते. कवी एफ्रेमही त्यांतलाच, पुढे एडेसा शहराला गेला. तटाजवळ ज्युलियनचं शव आणि बुरुजावर इराणचं निशाण, हे दृश्य त्याने आपल्या सिरियाक स्तोत्रांत लिहून ठेवलंय.

धर्माचं थोडक्यात: सालुटियस ख्रिस्ती नव्हता, पण ख्रिस्ती लेखकही त्याचं नाव आदराने घेतात. त्याने छळ आरंभला नसता. पुढे व्हॅलेन्स सम्राट झालाच नसता आणि गॉथ लोकांनी त्याला जिथे हरवून मारलं ती ३७८ ची एड्रियानोपलची लढाईही वेगळी झाली असती, इथवर ताणायची माझी तयारी नाही. मध्ये पंधरा वर्षं आहेत आणि सालुटियस तेव्हाच म्हातारा होता. फेब्रुवारी ३६४ मध्ये जोव्हियन मेल्यावर त्याला पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा नाही म्हटलं.

निसिबिस आज तुर्कस्तानात सीरियाच्या सीमेला लागून आहे, नुसायबिन या नावाने. ३६३ नंतर अडीचशेहून जास्त वर्षं ते इराणकडेच राहिलं.