झेंडूच्या माळेतला फोटो

पुणे, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा कोजागरीचं दूध आटवत होते. एकदा वाचलं, गॅस बंद केला, पुन्हा वाचलं.

म्हणजे झालं असं. ५ तारखेला ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांचा स्मृतिदिन. रविवार असूनही तुमच्या साहेबांनी ग्रुपवर प्रत्येकाला चार ओळी लिहायला लावल्या, त्यांच्याकडून काय शिकलो म्हणून. सगळ्यांनी तेच ते लिहिलं. तू मात्र लिहिलंस की या माणसाने पोटच्या मुलीला आधी नाकारलं होतं आणि त्यांचे फोन बनवणाऱ्या कारखान्यात माणसं इमारतीवरून उड्या टाकत होती, हेही आज आठवायला हवं. त्यावर साहेब म्हणाले, मरणान्तानि वैराणि, एवढे संस्कार नाहीत का? सोमवारी कुणी तुझ्याशी धड बोललं नाही. आणि आता तू विचारते आहेस, माझं चुकलं का?

चुकलं नाही. पण एवढंच लिहून मला थांबता येत नाही. कारण याच माणसाच्या मृत्यूवरून, तुझ्याच बाजूला उभी राहून, मी एकदा फार चुकले होते.

२०११ साली दसरा ६ ऑक्टोबरला होता. जॉब्ज गेले ते कॅलिफोर्नियातल्या ५ तारखेच्या दुपारी, म्हणून आपल्याकडे बातमी आली ती दसऱ्याच्या पहाटे. तेव्हा मी गाड्यांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणारी एक टीम सांभाळत होते. सुट्टी होती, पण जर्मनीला काम पोचवायचं होतं म्हणून आम्ही दहाबारा जण आलो होतो. आधी पूजा. टेस्ट बेंच, ऑसिलोस्कोप, सोल्डरिंग गन, सगळ्यांना हळदकुंकू, मंडईतून आणलेल्या झेंडूच्या माळा. मी आपट्याची पानं घेऊन आत गेले तर टेस्ट बेंचवर जॉब्ज यांचा फोटो. साधा काळापांढरा प्रिंट, त्याला झेंडूची माळ, पुढे निरांजन. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने लावला होता. फलटणकडचा मुलगा, अबोल, कामाला चोख.

मी तो फोटो उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “त्याच्या फोनला आयुष्यात कधी हात लावलायस का? घरचं कुणी गेलंय का तुझं, हार घालायला?”

तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच खिशात आयफोन नव्हता. २००८ साली तो भारतात आला तो ३१ हजारांना. आमच्याकडच्या नव्या मुलांचा महिन्याचा पगार तेवढा नव्हता. त्यामुळे मला माझं म्हणणं अगदी रास्त वाटत होतं. मुलगा काही बोलला नाही. माळ काढून त्याने मॉनिटरला घातली, कागदाची घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

डिसेंबरात तो नोकरी सोडून गावी निघाला. शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याने मला सांगितलं. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर. त्या उन्हाळ्यात त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि ते पुण्यात ॲडमिट होते. हा रोज ऑफिस सुटल्यावर हॉस्पिटलमध्ये जाऊन बसायचा आणि धीर द्यायला सांगायचा, आबा, अमेरिकेत एक माणूस आहे, त्याला तुमच्यासारखंच, त्याच जागी झालं होतं, आठ वर्षं झाली, तो अजून काम करतोय. जॉब्ज यांचा प्रकार वेगळा, हळू वाढणारा होता आणि वडिलांचा तो नव्हता, हे डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं. मुलाने वडिलांना सांगितलं नव्हतं. दसऱ्याच्या सकाळी वॉर्डातल्या टीव्हीवर तो फोटो आला. वडिलांनी विचारलं, “हाच का रे तो?” तिथून उठून तो थेट ऑफिसला आला होता. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत वडील गेले.

मी माफी मागितली, पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. चार वर्षांनी फोन करून मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या मॅडम.” ते मला अजून जाऊ देता आलेलं नाही.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते. अनोळखी माणसाच्या मरणावर कुणी रडताना दिसलं तर ते खोटं आहे असं लगेच धरू नकोस. त्या आठवड्यात न्यूयॉर्कपासून शांघायपर्यंत ॲपलच्या दुकानांबाहेर लोकांनी फुलं ठेवली, मेणबत्त्या लावल्या, एक घास खाल्लेली सफरचंदं ठेवली, काचांवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. कंपनीकडे दहा लाखांहून अधिक संदेश आले. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी १६ ऑक्टोबर हा स्टीव्ह जॉब्ज दिवस म्हणून जाहीर केला. मी तेव्हा हे सगळं वाचून म्हणत होते, वस्तू विकणाऱ्या माणसासाठी एवढं? आपल्याकडे कुणी गेलं की आपण भेटायला जातो ना, तिथे मोठं कुणीच बोलत नाही. शेजारचे काका सांगतात, माझ्या मुलीच्या लग्नात यांनी सगळी रात्र मांडवात जागून काढली. कुणी म्हणतं, पिठलं फार आवडायचं. दुःखाला बसायला अशी छोटी जागा लागते. जॉब्ज यांच्या घरी भेटायला जाता येणार नव्हतं, म्हणून लोक त्यांच्या दुकानाच्या काचेशी गेले आणि माझ्या टीममधला मुलगा टेस्ट बेंचशी गेला. तो कशासाठी रडतोय हे विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुसरी चूक त्याच आठवड्यात केली आणि ती मला जास्त लाजिरवाणी वाटते. १२ ऑक्टोबरला डेनिस रिची न्यू जर्सीतल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडले. प्रोग्रॅम लिहायची सी ही भाषा त्यांची; युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली केन थॉम्प्सन यांच्यासोबत त्यांनी उभी केली. जॉब्ज यांच्या फोनच्या आतली प्रणाली युनिक्सच्याच कुळातली. आमचं तर सगळं घरच सी वर चालत होतं. मी टीमला एक लांबलचक मेल लिहिली. खरा माणूस हा गेला, याला कुणी हार घातला नाही, वगैरे. पुष्कळांनी तेव्हा असंच लिहिलं, पुढे पाठवलं. प्रत्येक अक्षर खरं होतं. पण मी ती मेल रिचींसाठी लिहिली नव्हती, त्या मुलाला ऐकवण्यासाठी लिहिली होती. नाही तर पुढे जे झालं ते का झालं असतं? २४ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी, जॉन मॅकार्थी गेले. लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा त्यांची, कृत्रिम बुद्धिमत्ता हे नावच त्यांनी दिलेलं, ज्यावर आज तुझी नोकरी चालते. त्यांच्याबद्दल मी एक ओळ लिहिली नाही. तोवर कुणाला टोचायचं उरलं नव्हतं.

एका मेलेल्या माणसाने दुसऱ्याला मारू नये. तू तसं केलेलं नाहीस, पण तुझ्या पत्रात शेवटी ‘लोक मूर्खासारखे रडतात’ असं एक वाक्य आहे. ते काढून टाक.

आता तुझ्या चार ओळींकडे येते. १९७८ साली झालेल्या मुलीचं पितृत्व जॉब्ज यांनी आधी नाकारलं, आणि त्याच सुमाराला कंपनीत तयार होत असलेल्या संगणकाला तिचंच नाव दिलं, लिसा. हे पुढे त्यांनीही मान्य केलं. चीनमधल्या शेन्झेनच्या त्या कारखान्यात २०१० साली एकामागून एक तरुण कामगारांनी जीव दिला आणि मग इमारतींभोवती जाळ्या बांधल्या गेल्या. तो कारखाना इतर कंपन्यांचंही काम करत होता, हे तू लिहायला हवं होतंस. आरोप करताना माप नेमकं ठेव. बाकी यात निंदा कुठेच नाही. मरणाने वैर संपतं. झालेली गोष्ट झालीच नाही, असं होत नाही.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी जॉब्ज गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं की ते मेले याचा मला आनंद नाही, पण ते गेले याचा आहे. त्यांचं भांडण मुद्द्याचं होतं: विकत घेतलेलं यंत्र त्याच्या मालकालाच उघडू न देणं हा तुरुंग आहे, आणि जॉब्ज यांनी तो तुरुंग लोकांना हवाहवासा केला. मला तो मुद्दा आजही पटतो. पण घरात प्रेत असताना तो मांडल्यामुळे लोकांनी मुद्दा ऐकलाच नाही, फक्त क्रूरपणा ऐकला. तू चौदा वर्षांनी बोललीस. चौदा वर्षांनीही बोलायचं नाही तर कधी बोलायचं?

आणि तुमच्या साहेबांबद्दल. तू ओझरतं लिहिलंयस, पण मला वाटतं खरं दुखणं तिथेच आहे. डेमो आवडला नाही म्हणून त्यांनी तुझ्या मैत्रिणीला सगळ्यांसमोर ‘हे कचरा आहे’ म्हटलं आणि वर, ‘स्टीव्हही असेच होते’. जॉब्ज असे होते हे त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनीच सांगितलं आहे. त्या २४ ऑक्टोबरलाच त्यांचं अधिकृत चरित्र आलं, आणि थोड्याच दिवसांत डेक्कनच्या सिग्नलला त्याच्या नकली प्रती विकायला आल्या. ते वाचून आपल्या गावातल्या कितीतरी साहेबांना राग हा गुण वाटू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लोकांचा शोक असा हळूहळू रीत बनतो, आणि ती रीत नव्या मुलींच्या माथी येते. रागाची नकल करायला भांडवल लागत नाही. कॉलेज सोडल्यावरही रीड कॉलेजात सुलेखनाच्या वर्गाला जाऊन बसण्याची, अक्षरातला मोकळा भाग किती असावा यात जीव घालण्याची नकल करायला सगळं आयुष्य लागतं. १९८४ च्या मॅकिंटॉशवर देखणी अक्षरं आली ती त्यातून. १९८५ साली स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलेला तो माणूस १९९७ मध्ये परतला तेव्हा त्याच्याभोवती टिकून राहणारी माणसं जमली. साहेबांना विचार, तुमच्याकडे दोन वर्षांहून अधिक कोण टिकलंय? विचारायची हिंमत आज नसेल तर स्वतःपुरतं मोज. माझ्या मते तू मार्चपर्यंत तिथून निघावंस. बोलण्याच्या भरात लिहीत नाहीये. तुझ्या आईशीही बोलले आहे.

सुलेखनावरून आठवलं. तू मला मराठीत पत्र टाइप करून पाठवलंस ते मंगल टाइपात. तो र. कृ. जोशींनी रेखाटला. सुलेखनकार आणि कवी. फेब्रुवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेले. कितीतरी वर्षं विंडोजवर मराठी उघडलं की समोर येत होती ती त्यांच्या हातची वळणं, आणि मला हे ते गेल्यावर कळलं. २०२० च्या नोव्हेंबरात फकीर चंद कोहली गेले, टीसीएस या टाटांच्या सॉफ्टवेअर कंपनीचे पहिले प्रमुख. सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, नियामक मंडळाचे ते अध्यक्ष होते. १९८१ साली संगणक संशोधनाचं केंद्र या गावात निघालं ते टाटांचंच. ज्या धंद्याच्या पगारावर बाणेर-हिंजवडीतले फ्लॅट उभे आहेत त्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी पाणी किती वाजता येणार याची चर्चा होती. मी चिडले नाही. वहीत लिहून ठेवलं, यांच्यामुळे मला काय मिळालं. त्याच पानावर रिचींचं लिहिलं, जोशींचं लिहिलं, जॉब्ज यांचंही लिहिलं: वापरणाऱ्याला पुस्तक उघडावं न लागता यंत्र कळलं पाहिजे, हे मी त्यांच्याकडून घेतलं, आणि गाडीच्या डॅशबोर्डवरचे दोन इशारे त्यामुळे बदलून घेतले. एवढंच. जग बदललं वगैरे मला लिहिता येत नाही, कारण ते मी पाहिलेलं नाही.

तुझ्या ग्रुपवरच्या चार ओळींत मला एकच उणीव दिसली. तुला त्या माणसाकडून काय मिळालं ते त्यात नव्हतं. काहीच मिळालं नसेल तर तसं लिही, तेही चालेल. पण मला आठवतंय, दहावीत तू काकाच्या जुन्या आयपॉडवर गाणी ऐकत रात्र रात्र भूमिती करायचीस. गेल्या महिन्यात कोरेगाव पार्कात ॲपलचं दुकान उघडलं तेव्हा तूच मला फोटो पाठवला होतास.

तुझी पोस्ट पुसू नकोस. तिच्याखाली आयपॉडचं लिही.

रविवारी ये. थोडं मसाला दूध तुझ्यासाठी फ्रीजमध्ये ठेवलं आहे, ते काही रविवारपर्यंत टिकणार नाही, तेव्हा जमलं तर उद्याच ये. बायोडेटा घेऊन ये.

तुझी,
मावशी