दुसऱ्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर घरी किती वेळ थांबलं तर चालेल?

दादा, तुम्ही लिहिलंय की पहिल्या वेळी बायकोला सोळा तास लागले, ग्रामीण रुग्णालय गावापासून २२ किलोमीटर आहे, मधे नाला आहे, तर यंदा कळा सुरू झाल्यावर घरी किती वेळ काढता येईल. अजिबात काढू नका. पहिल्या बाळंतपणाचे तास दुसऱ्याला लावायचे नसतात. एवढी एक गोष्ट आमच्या घरात कोणी मनावर घेतली असती, तर माझा मुलगा मधल्या खोलीत जुन्या लुगड्यावर झाला नसता.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीकडे. पोळ्याचा दिवस होता. तारखेला आठवडाभर अवकाश होता. सकाळपासून पाठ भरून आली होती, पोटही साफ होत होतं, पण घरात पुरणाचा घाट, कोण लक्ष देतो. दुपारी पुरण वाटायला बसले तेव्हा पोट कडक व्हायचं, सुटायचं, पुन्हा व्हायचं. पहिल्या वेळी असं नव्हतं. मी सासूबाईंना तिथंच सांगितलं की मला आत्ता न्या. त्या म्हणाल्या, "अवं, पयल्या वेळी पुरी रात काढली होती तू. आता का लगेच होते? पोळा फुटू दे, मंग नेते तो." घरात सगळ्यांना ते पटलं. मला नव्हतं पटलं, पण गाडीची किल्ली माझ्याकडे नव्हती.

हे बैल घेऊन आखरावर, म्हणजे पोळा भरतो त्या मैदानावर गेले. पोळ्याच्या दिवशी गावातला एकही गडी घरी नसतो हे तुम्हाला सांगायला नको. ज्याची बोलेरो आहे तोही तिथंच, तोरणाखाली आपली जोडी धरून. माइकवर झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी सुरू झालेली, फोन वाजला तरी कोणाला ऐकू येतो. चारच्या सुमारास पहिली खरी कळ आली. त्यानंतर जे झालं त्याला कळा म्हणायच्या की काय, मला अजून कळत नाही. पहिल्या वेळी कळ यायची, जायची, मधे घोटभर पाणी पिता यायचं, कोणी पाठ चोळून द्यायचं. या वेळी एक सुटायच्या आत दुसरी. पाय लटलट कापत होते, दातावर दात आपटत होते. बोलायला गेले तर शब्द निघेना. पाणी सुटलं तेव्हा सासूबाई घाबरल्या आणि त्यांनी शेजारच्या पोराला आशाताईकडे पळवलं.

आशाताई आली तेव्हा तिच्या बोटांना कणीक तशीच होती. तिनं कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि मला डाव्या कुशीवर वळवलं. तोवर गल्लीतली सुईण आजीही आली. आजीनं कोरं ब्लेड मागितलं. आशाताई तिला म्हणाली, "आजी, नाळ कापाची नाही, ओढाची नाही. गाडी येऊन राहिली." तिच्या त्या एका वाक्यासाठी मी तिचे पाय धरायला तयार आहे. मुलगा झाला तो रडलाच नाही. तिनं त्याला पंचानं कोरडं केलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. बाहेर माइकवर कोणाची तरी झडती चालू होती, ती मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. मग तो रडला. तिनं त्याला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून कोरडं कापड टाकलं. सासूबाई मधाचं बोट लावायला आल्या, तेही तिनं लावू दिलं नाही. अंगावरच घ्यायला सांगितलं.

पोळा फुटला, म्हणजे बैल तोरणाखालून सुटले, आणि गाडी आली, दोन्ही एकाच वेळी. दारात अॅम्ब्युलन्स उभी, तिच्या मागे झुली घातलेले आमचे बैल खोळंबलेले, आणि हे दोन्ही हातांत कासरे धरून नुसते बघत होते. गाडीतल्या डॉक्टरांनी नाळेला चिमटे लावून कापली, मांडीत इंजेक्शन दिलं. वार वाटेतच पडली. दवाखान्यात टाके घालावे लागले, कारण इतक्या घाईत बाळ आलं की अंग फाटतं. रक्त बरंच गेलं होतं.

तिथल्या मॅडमनी मला समजावून सांगितलं. खऱ्या कळा सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत बाळ झालं तर त्याला प्रेसिपिटेट लेबर म्हणतात. पिशवीचं तोंड एकदा उघडलेलं असतं, वाट मोकळी झालेली असते, म्हणून बहुतेक बायकांना दुसऱ्या वेळी कमी वेळ लागतो. काहींना फारच कमी. त्यात आईला फाटण्याचा आणि रक्त जाण्याचा धोका, आणि बाळ कुठं, कोणाच्या हातात येईल याचा भरवसा नाही. एकदा असं झालं की पुढच्या वेळीही तशीच घाई होऊ शकते, म्हणून पुढच्या खेपेला आधीच सांगा, असंही त्या म्हणाल्या.

आता तुमचं. पाच-पाच मिनिटांवर कळा आल्या की निघा, असं मोबाइलवर सगळीकडे लिहिलेलं असतं. ते दवाखान्याशेजारी राहणाऱ्या पहिलटकरणींसाठी आहे. तुम्ही नियमित कळा लागल्या की निघा, आणि पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर कळांचीही वाट बघू नका. तिकडे जाऊन अजून वेळ आहे म्हणून परत पाठवलं तर परत या. त्यात कसली लाज? १०२ आणि १०८ दोन्ही फुकट आहेत, पण गाडी येईपर्यंतचा वेळ धरून चाला आणि गावातली एक गाडी आधीच बोलून ठेवा, तिचा माणूस सणावाराला कुठं असेल तेही विचारून. नाल्याला पूर येत असेल तर तारखेच्या आधीच नाल्यापलीकडे, दवाखान्याच्या बाजूला, नातेवाइकांकडे जाऊन राहा. गडचिरोलीकडे दुर्गम भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर असतं, तिथं आधी येऊन राहता येतं. तुमच्याकडे तशी सोय आहे का, ते आशाताईला विचारा.

आणि मुख्य म्हणजे बायको निघू म्हणाली की निघायचं. आईला विचारायला जाऊ नका.

माझं खरं दुखणं पुढचं आहे. बारशाला नणंद चार बायकांत म्हणाली, "हिचं का बाप्पा, पुरणपोळ्या करता करता मोकळी झाली." सगळ्या हसल्या. तेव्हापासून माझ्या बाळंतपणाला घरात सोपं म्हणतात. सोळा तास कळा दिलेल्या बाईला सव्वा महिना खाट, शेक, डिंकाचे लाडू. मला महिना भरायच्या आत सोयाबीन सोंगायला आलेल्या माणसांचा स्वयंपाक, कारण मला त्रासच कुठं झाला होता! टाके ओले होते, हिमोग्लोबिन आठच्या खाली, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. लवकर झालं म्हणजे सोपं झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या खोलीत माझ्या जागी अर्धा तास काढावा. शरीराला तेवढंच काम करावं लागतं, फक्त विसावा न घेता. मला तर कित्येक दिवस नुसतं पोट कडक झाल्यासारखं वाटलं तरी घाम फुटायचा. ते कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सोप्या बाळंतपणाचं कसलं आलंय भ्या.

म्हणून दादा, तास दोन लागोत की वीस, सव्वा महिना तुमच्या बायकोला चुलीपुढे बसू देऊ नका. हे तुमच्या आईला तुम्हीच सांगा, आजच सांगा. बाळ झाल्यावर बायकोनं सांगितलं तर ती कामचुकार ठरते.

एक राहिलं. चुकून घरीच बाळ व्हायची वेळ आली तर बाळ कोरडं करून आईच्या अंगावर ठेवा, नाळ आणि वार ओढू नका, फोन चालू ठेवा, आणि बाळ-बाळंतीण ठीक दिसली तरी दवाखान्यात न्याच. बाळाला काविळीची (हिपॅटायटिस बी) लस जन्मापासून चोवीस तासांच्या आत द्यायची असते. आणि पहिलं सिझर झालं असेल, जुळं असेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल, बीपी असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा. तुम्ही ते काहीच लिहिलेलं नाही. तसं असेल तर कळांची वाट न बघता तारखेच्या आधी कधी भरती व्हायचं, ते सिस्टरला याच आठवड्यात विचारा.