परसबागेचा गडगा : सिमेंट हवे की नको?

प्रश्न : आमचे घर संगमेश्वर तालुक्यात उतारावर आहे. परसबागेतील माती दर पावसाळ्यात वाहून जाते, म्हणून ३ फूट उंचीचा गडगा घालायचा आहे. काळा दगड जागेवरच भरपूर आहे. दगड एकमेकांत अडकवून नुसते रचले तर चालेल, की गवंडी म्हणतात त्याप्रमाणे सिमेंटमध्येच बांधावे?

उत्तर : नुसते रचावेत. कोकणच्या पावसात भिंतीला ढकलते ते प्रामुख्याने मातीत मुरलेले पाणी. गडग्याच्या सांध्यांतून ते निथळून जाते. सिमेंटने सांधे बुजवले आणि पाण्याला भोके ठेवली नाहीत, तर चांगली जाड भिंतही पोट काढते.

मुरूम लागेपर्यंत, निदान फूटभर तरी पाया खणून तळाशी सर्वांत मोठे दगड बसवावेत. तळाची रुंदी २ फूट, माथ्याची दीड फूट ठेवावी आणि दर्शनी बाजू वर जाताना दर फुटाला सुमारे २ इंच मातीकडे झुकती घ्यावी.

खरे कसब दगड बसवण्यात आहे. दगडाची लांब बाजू दर्शनी ठेवली की भिंत देखणी दिसते आणि काम झपाट्याने उरकते, त्यामुळे मजुरांचा कल तिकडेच असतो; पण लांबी भिंतीच्या पोटात गेली पाहिजे, तरच मागच्या दगडाचा भार पुढच्याला धरून ठेवतो. दोन दगडांच्या सांध्यावर वरच्या थरातील दगडाचा मध्य यावा. ठेवलेला दगड हाताने हलवून पाहावा आणि डुगडुगत असेल तर मागच्या बाजूने कपची ठोकावी. पुढून ठोकलेली कपची कालांतराने निसटते. निम्म्या उंचीवर दर तीन-चार फुटांवर भिंतीच्या आरपार जाईल असा एक लांब दगड घालावा. आतील पोकळीत माती मुळीच भरू नये. ती धुपून गेली की दगड खचतात. तेथे लहान दगडच दाबून बसवावेत, आणि भिंतीमागेही फूटभर रुंदीचा खडीचा थर द्यावा.

अशा गडग्याच्या फटींत साप आणि विंचू आसरा घेतात, तेव्हा तो मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असलेला बरा. पुढे उंची वाढवावीशी वाटली, तर त्याच गडग्यावर थर न चढवता चार-पाच फूट मागे दुसरा गडगा घालावा.