नांगर टाकला की शेजारी येतातच

प्रश्न: ताई, आम्ही नवरा-बायको मूळचे डोंबिवलीचे, आता सॅन डिएगोला. ३६ फुटी शिडाची बोट घेतलीय, नोव्हेंबरात मेक्सिकोला जाऊन वर्षभर बोटीवरच राहणार. देवमासे, डॉल्फिन खरंच दिसतात का की टूरला पैसे भरावे लागतात? आणि मला माणसं लागतात हो, तिथे एकटं पडायला होईल का?
– एक वाचक

उत्तर: दिसतात, अगदी पोटभर दिसतात, पण बोट पळवताना कमी आणि नांगर टाकून गप बसल्यावर जास्त. आम्ही दोन हिवाळे आणि एक उन्हाळा सी ऑफ कॉर्टेझमधे (मेक्सिकोची मुख्य भूमी आणि बाहा द्वीपकल्प यांच्या मधला समुद्र) काढला, सकाळी सहाला चहा घेऊन बाहेर बसायचं, तेव्हा वारा पडलेला असतो, पाणी एकदम सपाट, आणि देवमासा डोळ्याआधी कानाला कळतो, कुणीतरी मोठ्ठा सुस्कारा सोडावा तसा. फेब्रुवारी-मार्चमधे तिथल्या लोरेतो गावासमोर निळे देवमासे असतात, त्यांचा फवारा दोन मजली घराएवढा उंच जातो. जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला टाका आणि त्यांना जाऊ द्या, मागे लागू नका.

टूरचं म्हणाल तर काही ठिकाणी पैसे भरावेच लागतात आणि ते भरावेत असं माझं मत आहे. ग्रे व्हेल जानेवारी ते मार्च पिल्लं घेऊन मॅग्दालेना बे आणि सान इग्नासिओच्या खाडीत असतात, तिथे परवाना असलेल्या पांगातूनच (तिथल्या कोळ्यांची उघडी मोटरबोट) बघायला जायचं, आपल्या डिंगीतून (बोटीबरोबरची छोटी होडी) नाही. ला पाझ शहराजवळच्या व्हेल शार्कचंही तेच. ला पाझजवळच्या लोस इस्लोतेस या खडकाळ बेटांवर सी लायनबरोबर पोहता येतं पण जून ते ऑगस्ट त्यांच्या पिल्लांचे दिवस, तेव्हा पाण्यात उतरायला बंदी.

पण फुकटातलं जे मिळतं ना ते विसरता येत नाही. मे महिन्यात एन्सेनादा ग्रांदे नावाच्या खाडीत नांगरून होतो, रात्री अकराला धपाधप आवाज, मला वाटलं डिंगी आपटतेय, बाहेर येऊन बघते तर मोबुला म्हणजे आपल्या पाकटाची भावंडं, शेकड्याने पाण्याबाहेर उडून पोटावर आपटत होती, कढईत लाह्या फुटाव्यात तशी, आणि प्रत्येक आपटीला पाणी निळसर पेटत होतं. शेजारच्या बोटीवरचं कॅनडाचं जोडपं पण डेकवर आलेलं, अंधारात एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते तरी तासभर गप्पा झाल्या, आणि ती मैत्री आजही आहे.

म्हणून एकटेपणाचं मनातून काढाच. ला पाझला सकाळी ८ ला (रविवार सोडून) व्हीएचएफ म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या २२ नंबरवर नेट असतं, म्हणजे सगळ्या बोटींची रेडिओवरची हजेरी. आधी कुणाला तातडीची मदत हवीय का, मग नवीन कोण आलं, कोण निघालं, हवामान, भरती-ओहोटी, मग कुणाला पंप हवाय कुणाकडे जास्तीचा दोर आहे. परदेशी लोकांनी तिथे वस्तू विकणं कायद्यात बसत नाही म्हणून किंमत "नारळात" सांगतात, मला तर ऐकून एकदम कोकणातच आल्यासारखं वाटलं. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की तीन-तीन दिवस कुणी हलत नाही, आडोशाच्या खाडीत दहा-बारा बोटी अडकतात, आणि खऱ्या ओळखी तिथेच होतात. मी एकदा भजी तळली तर पाच डिंग्या येऊन लागल्या. बेसन भरपूर न्या, आणि थोडं स्पॅनिश शिका, कारण देवमासे आज कुठे आहेत ते पांगावाल्या काकांना सगळ्यात आधी माहीत असतं आणि ते मनापासून सांगतात.

पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी नेटवर बोटीचं नाव आणि "आम्ही नवीन आहोत" एवढंच बोला, दुपारपर्यंत कुणीतरी डिंगी घेऊन भेटायला येईल.